सरांचा माइक

तनुजाला राग आला की तिचा आवाज चढत नसे, उलट खाली उतरत असे. कॉलेजातल्या शिपायांना हे ठाऊक होतं, कँटीनवाल्याला ठाऊक होतं, झेरॉक्सवाल्याला तर चांगलंच ठाऊक होतं. ती हळू बोलायला लागली की तो आधीच हात जोडायचा. एकट्या मुकुंद सरांच्या हे कधी ध्यानात आलं नाही. सात वर्षं एका टेबलापलीकडं बसूनही नाही.

मुकुंद सर कॉलेजचे ग्रंथपाल. पांढराशुभ्र शर्ट, मऊ बोलणं, चहा आला की आधी समोरच्याला विचारणार. घरात आजोबांपासून शिक्षणाची परंपरा. कुणावर कधी ओरडले म्हणून ऐकिवात नव्हतं, आणि त्यामुळे माणूस देवासारखा आहे असं सगळ्यांचं मत. तनुजाचंही होतं, काय सांगावं! तनुजा वैजापूरकडच्या शेतकऱ्याची लेक. ग्रंथालयशास्त्रात एम. लिब. केलेलं, नेट पास झालेली, बजाजनगरला खोली करून राहणारी, आणि कॉलेजात करारावर. दर जूनमध्ये करार संपायचा, सरांनी शेरा मारला की पुढं चालू व्हायचा. कायम होण्याची वाट बघता बघता तिची तिशी उलटून गेली होती.

त्या वर्षी पावसानं तोंड काळं केलं. शहराला त्याचं काही नव्हतं. बायपासच्या पल्याड रोज नव्या इमारतीचा सांगाडा उभा राहायचा, फ्लॅटच्या जाहिरातीत निळाशार पोहण्याचा तलाव असायचा, आणि त्याच जाहिरातीखाली बाया टँकरची वाट बघत घागरी मांडून बसायच्या. दिवाळी झाली तशी होस्टेलची विहीर आटली. प्राचार्यांनी पोरापोरींना घरी पाठवलं आणि वर्ग ऑनलाइन लावले. प्राध्यापकांचं भागलं. ग्रंथालयाचं काय? पुस्तकं कपाटात कुलूपबंद आणि वाचणारे लासूर स्टेशन नाहीतर वैजापूरला. विद्यापीठानं हजारो नियतकालिकं ऑनलाइन विकत घेऊन ठेवली होती, पण ती कशी उघडायची हे कुणाच्या बापाला माहीत नव्हतं.

मग तनुजानंच पदर खोचला. मोबाइलवरून लेख कसा शोधायचा, कामाचा कोणता आणि बाजूला ठेवायचा कोणता, कुणाचं घेतलं तर त्याचं नाव कसं द्यायचं, असं एकेक तिनं ऑनलाइन शिकवायला घेतलं, आणि प्रत्येक तास रेकॉर्ड करून ठेवला. बोलायची आपल्या बोलीत. "आधी काय शोधायचंय ते सोत्ताला इचारा," असं म्हणायची. "नुसतं 'कापूस' टाकलं तर ढीगभर येईल, त्यात हरवून जाल. बोंडअळी म्हणा, कोणत्या जिल्ह्यातली ते म्हणा. आलं ध्यानात? नाय आलं तर परत सांगते, लाजायचं नाय." पोरं हसायची आणि शिकायचीही. लासूरच्या भागूबाई अंगणवाडीत कामाला होत्या आणि चाळिशीत एम. ए. करत होत्या. त्या रेंज मिळावी म्हणून मोंढ्यात कांद्याच्या ढिगाऱ्याशेजारी फोन धरून बसायच्या. एकदा म्हणाल्या, "म्याडम, तुमी बोलता ना, तवा वाटतं हे कॉलेज आपलं बी हाय." तनुजाला त्या रात्री भाकरी गोड लागली.

मुकुंद सर प्रत्येक तासाला हजर असत. सुरुवातीला नमस्कार म्हणायचे, शेवटी आभार मानायचे. मधल्या वेळात त्यांच्याकडून काय काय ऐकू यायचं! कुकरच्या शिट्ट्या, दारावरचा भाजीवाला, बायकोशी, म्हणजे पद्मजावहिनींशी, चाललेली घरगुती खलबतं. सरांना म्यूटचं बटण काही केल्या सापडत नसे. त्यांची ठाम समजूत अशी की कॅमेरा बंद केला म्हणजे आपण तिथून उठलो, संपलं. बैठकीची होस्ट तनुजा, त्यामुळे कुणाचाही माइक तिला बंद करता यायचा. तिनं दोनचारदा सरांना शिकवून पाहिलं. सर हसून म्हणाले, "अगं, तू आहेस ना." आणि मग तसंच होऊन बसलं. सरांच्या घरी खुट्ट झालं की तनुजाचं बोट आपोआप जायचं, सर मुके व्हायचे, त्यांना पत्ताही नसायचा. आपल्याकडून कधी काही आगाऊ ऐकू गेलं नाही, याचं श्रेय ते स्वतःच्या सभ्यपणाला देत असणार.

फेब्रुवारीत भागूबाईंचा फोन आला. "म्याडम, आजारी हाय का तुमी?"

"नाय बा. का?"

"मंग कॉलेजच्या पानावर ते व्हिडिओत दुसरीच कोणतरी बोलायलीय. शब्द तुमचेच. पण बाई लई नाजूक."

तनुजानं कॉलेजचं पान उघडलं. तिचे सगळे तास तिथं होते, तिनं केलेल्या त्याच चित्रांसकट, त्याच क्रमानं. आवाज मात्र मनस्विनीचा. मनस्विनी म्हणजे मुकुंद सरांची मुलगी, नुकतीच पुण्याहून शिकून आलेली. बोंडअळी काढून तिथं 'हवामानबदल' घातला होता. 'लाजायचं नाय' गायब होतं. खाली नावं होती: संकल्पना, मुकुंद सर. सादरीकरण, मनस्विनी. तनुजाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

ती सरांसमोर जाऊन उभी राहिली. हळू आवाजात म्हणाली, "सर, माझा आवाज का काढला?"

"बस ना, बस," सर म्हणाले. "मनाला लावून घेऊ नकोस. आशय तुझाच आहे, तो कोण नाकारतंय? पण हे आता अभ्यासक्रम म्हणून विद्यापीठाच्या समितीपुढं जायचंय. बाहेरची मोठी माणसं असतात. ते 'नाय', ते 'व्हय', ते 'लई'... कानाला खटकतं गं. तुझ्याच भल्यासाठी सांगतो."

"आणि नाव?"

"आभारात घालू की."

आभारात! सगळा स्वयंपाक हिनं करायचा आणि पंगतीत हिलाच पाणी वाढायला ठेवायचं. आणि हे नुसतं नावापुरतं नव्हतं. समितीनं अभ्यासक्रम मंजूर केला की तो चालवायला कॉलेजात एक कायमची जागा निघणार होती, आणि ज्यानं अभ्यासक्रम उभा केला त्याचा तिच्यावर पहिला हक्क. सात वर्षं तनुजा जिची वाट बघत होती तीच ही जागा. ती आता मनस्विनीच्या नावानं शिजत होती.

मूळ रेकॉर्डिंग घेऊन ती प्राचार्यांकडं गेली. प्राचार्य आणि मुकुंद सर सकाळी बरोबर फिरायला जाणारे. प्राचार्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "कॉलेजच्या वेळेत, कॉलेजच्या खात्यावर केलेलं काम कॉलेजचं असतं, मॅडम. त्यात तुमचं-माझं करू नये." संपला विषय. तनुजा जिना उतरून खाली आली. रडली नाही. मनात मात्र गाठ मारली की याचं उट्टं काढल्याशिवाय मी वैजापूरची नाही.

मुकुंद सरांचा तिच्यावर भरवसा तसाच होता, हे विशेष. उलट पहिल्यापेक्षा गोड वागायला लागले. समितीची बैठक ऑनलाइन व्हायची होती. पाच सदस्य पाच गावचे. त्यांना आत घ्यायचं, पडदा दाखवायचा, माइक सांभाळायचे, हे सगळं अर्थात तनुजानं करायचं. मनस्विनीनं काय बोलायचं तेही तिच्याकडूनच लिहून घेतलं, अगदी 'नमस्कार'पासून. ती बिनबोभाट लिहून देत गेली. "पोरगी गुणाची आहे," असं सर शिपायाला म्हणाल्याचं तिच्या कानावर आलं.

एप्रिलच्या शेवटी विद्यापीठातून विचारणा झाली, की बैठक मंगळवारी सकाळी ठेवायची की दुपारी. सर म्हणाले, "तूच ठरव. मी काय, घरीच आहे."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. या शहरात नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी माणूस दुसऱ्या कशाचाच राहत नाही. ऑफिसात 'आज पाणी आहे' एवढं म्हटलं की सुट्टी मिळते, साहेबही पुढं काही विचारत नाही, कारण उद्या त्याच्याकडं असतं. साखरपुडे थांबतात, भांडणं अर्ध्यावर सुटतात. मुकुंद सर गारखेड्याकडं राहायचे. त्यांचं पाणी सोमवारचं, म्हणून मंगळवारची बैठक त्यांना निर्धास्त वाटली. पण त्या हप्त्यात मोठी पाइपलाइन फुटली होती आणि सगळ्या वसाहतींच्या पाळ्या पुढं सरकल्या होत्या. किती सरकल्या ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. ठाऊक असणार फक्त व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला.

आणि व्हॉल्व्ह फिरवणारा पुंजाराम तनुजाचा मामा लागत होता. सख्खा नाही, गावातला. तिनं त्याला फोन लावला.

"मामा, गारखेड्याच्या त्या शाळेमागच्या कॉलनीत पाणी कधी सोडणार?"

"मंगळवारी दुपारच्याला. तीनच्या पुढं." पुंजाराम थांबला. "तू तर बजाजनगरला राहती. तुला काय करायचं गं तिथल्या पाण्याचं?"

"एकाला आंघोळ घालायचीय," तनुजा म्हणाली. मामा हसला आणि त्यानं फोन ठेवला.

तिनं विद्यापीठाला कळवलं, की दुपारी तीन. मग सरांना म्हणाली, "सर, तुम्ही नि मनस्विनी एका खोलीत बसू नका, आवाज घुमतो. तिला वर बसू द्या, तुम्ही समोरच्या खोलीत बसा. आणि ते बिनवायरचं कानातलं घाला, म्हणजे माइक तोंडाजवळ राहतो." यात खोटं काहीच नव्हतं. कुणालाही तिनं हाच सल्ला दिला असता. सरांनी त्याच संध्याकाळी कानातलं विकत आणलं.

मंगळवार उजाडला तो अंग भाजतच. तनुजा ओस पडलेल्या ग्रंथालयात एकटी बसली, डोक्यावर पंखा खडखडत होता. तीनला सदस्य आत आले. अध्यक्ष नागपूरच्या एक बाई होत्या. पिकलेले केस, चष्मा दोरीला लटकलेला, बोलणं मोजकं. मुकुंद सरांनी परंपरा, तंत्रज्ञान आणि ग्रामीण विद्यार्थ्यांविषयीची तळमळ यांवर छान भाषण केलं. 'तळमळ' म्हणताना त्यांनी हात छातीवर ठेवला. मग वरच्या खोलीतून मनस्विनी बोलायला लागली. मुलगी बोलायची चांगली, ते नाकारून चालणार नाही. तनुजाचीच वाक्यं इस्त्री करून घातल्यासारखी एकामागून एक येत होती.

साडेतीनच्या सुमाराला सरांच्या चौकोनात मागून आवाज आला. "अहो! पाणी आलंय! आणि मोटर ओढत नाहीये!" या पद्मजावहिनी. सर दचकले. एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा दाराकडं. पाण्याचा दिवस चुकला तर पुढचा हप्ताभर टँकरवाल्याच्या पाया पडायचं, हे त्यांनाही कळत होतं. मनस्विनी नीट वाचत होती. सरांनी कॅमेरा बंद केला आणि नेहमीसारखे निर्धास्त उठले.

कानातलं मात्र कानातच राहिलं. पोरीचं ऐकायचं होतं ना!

तनुजाचं बोट सवयीनं सरांच्या नावाशी गेलं. तिथंच थांबलं. मग तिनं हात उचलला, मांडीवर ठेवला, आणि दुसरा हात त्याच्यावर ठेवला.

आधी चपलांचा आवाज आला, मग लोखंडी झाकण सरकल्याचा. सरांचा हौद खिडकीखालीच होता, त्यामुळं सगळं अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. मनस्विनीनं बोलणं थांबवलं. "बाबा, तुमचा..." ती म्हणाली, तेवढ्यात मोटर सुरू झाली. मोटरीच्या घरघरीत सरांना ना मुलीचं ऐकू आलं ना आणखी कशाचं. उलट ते स्वतःच ओरडून बोलायला लागले.

"बैठक सोडून कसे आलात?" वहिनींचा आवाज.

"मनू वाचतेय ना! सगळं त्या तनुजानं लिहून दिलंय, शब्दन् शब्द. आपल्याला नुसतं वाचायचंय!"

"मग तिचं नाव तरी घालायचं होतं हो. बरं दिसत नाही."

"नाव कसलं घालतेस? वैजापूरच्या बाजारातून उठून आलेली पोरगी! तोंड उघडलं की नाय नि व्हय. तिला काय पुण्या-नागपूरच्या लोकांपुढं बसवू? एकदा मनूचं पक्कं होऊ दे. हिचा करार जूनला संपतोच आहे, मी काही शेरा मारत नाही. पाइप धर, पाइप धर! इकडं सांडतंय!"

पाच चौकोनांतली पाच माणसं हलेनात. एकानं हातातला कप तसाच हवेत धरला होता. मनस्विनीचा चेहरा लालभडक झाला, ती खुर्ची मागं ढकलून उठली आणि जिन्यावर तिचे पाय वाजले. मग तिचाही चौकोन रिकामा झाला. मागची भिंत आणि गणपतीचं चित्र तेवढं दिसत राहिलं.

तनुजाला कसं वाटलं? गोड वाटलं. खोटं कशाला बोला, लई गोड वाटलं. शेरा मारणार नव्हते, हे तिला आत्ताच कळलं होतं. म्हणजे नाव तर घेतलंच होतं, वर पोटावर पायही देणार होते. नुसता गप्प बसलेला हात एवढं काम करतो, हे तिला आजवर माहीत नव्हतं.

"होस्ट कोण आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

तनुजानं कॅमेरा लावला. "मी. तनुजा."

"लिहून देणारी तनुजा ती तुम्हीच?"

"व्हय."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्हाला त्यांचा माइक बंद करता आला असता."

"आला असता," तनुजा म्हणाली. आवाज इतका खाली होता की कप धरलेले गृहस्थ पुढं वाकले. "दिवाळीपासून मीच करत आले. म्हणून तर सर सगळ्यांना इतके सभ्य वाटत होते. त्यांनी माझा आवाज काढून टाकला, बाई. मी त्यांचा नाय काढला."

मोटर घरघरत होती. "हे तुम्ही बरं केलं नाहीत," अध्यक्षबाई सावकाश म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मूळ तास आहेत तुमच्याकडं? दाखवा."

तेव्हा तनुजानं सरांचा माइक बंद केला. अगदी शेवटच्या क्षणी मोटर थांबली होती आणि "बाबा, सगळं ऐकू गेलंय," असं मनस्विनीचं रडवेलं वाक्य आलं होतं. त्यावर सर काय म्हणाले ते कुणालाच ऐकू आलं नाही. तनुजानं आपला पहिला तास लावला. ग्रंथालयातल्या रिकाम्या टेबलांवरून तिचाच आवाज घुमला, "आधी काय शोधायचंय ते सोत्ताला इचारा." बोंडअळीशी आल्यावर अध्यक्षबाई हसल्या.

अभ्यासक्रम मंजूर झाला, तनुजाच्या नावानं. जुलैत मुलाखती झाल्या आणि ती कायम झाली. मनस्विनीनं अर्जच केला नाही. त्याआधी मेमध्ये तिचा निरोप आला होता: 'ताई, बाबा म्हणाले होते की तुम्हाला बोलायला आवडत नाही, म्हणून मी बोलले. मला खरंच माहीत नव्हतं. आता मी कुठेही नाव सांगितलं की लोक हसतात.' तनुजानं तो वाचला, परत वाचला. पोरीचं काही चुकलं नव्हतं, आणि मार तिलाही बसला होता. वाईट वाटलं का? वाटलं. पण उत्तर काय लिहायचं? तोच मंगळवार परत आला असता तर तिनं हात पुन्हा मांडीवरच ठेवला असता, आणि हे असं कुणाला लिहून कळवता येत नाही.

मुकुंद सर पाऊस सुरू झाल्यावर कॉलेजात आले, मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज द्यायला. शर्ट तसाच पांढरा होता. कपाटातल्या स्वतःच्या वस्तू पिशवीत भरल्या आणि जाता जाता तनुजाच्या टेबलाशी थांबले. खिशातून ते कानातलं काढलं, डबीसकट तिच्यापुढं ठेवलं.

"मी बरेच दिवस विचार करतोय," ते म्हणाले. आवाज अजूनही मऊच होता. "दुपारची वेळ. वेगवेगळ्या खोल्या. हे कानातलं. तू हे मुद्दाम नाही ना केलंस? नाही म्हण, तनुजा. निदान तेवढं समाधान दे मला. माझ्या हाताखाली सात वर्षं होतीस, तू असं करणार नाहीस."

खिडकीबाहेर होस्टेलला परतलेली पोरं बादल्या घेऊन पळत होती. तनुजानं हातातलं पेन खाली ठेवलं आणि सरांच्या डोळ्याला डोळा दिला. या वेळी तिचा आवाज उतरला नाही. चांगला मोठ्यांदा, वाचनकक्षातल्या शेवटच्या टेबलापर्यंत जाईल असा निघाला.

"व्हय, सर," ती म्हणाली. "मुद्दाम केलं."